नथिंग हर्ड : वायरलेस का जुळत नाही, आणि फॉल्ट कुठल्या टोकाला असतो

आज लढाईच्या मैदानावर जाण्याआधी आपण जरा माझ्या घरातल्या जेवणाच्या टेबलाशी थांबू.

या मालिकेचं चित्रीकरण माझा पुतण्या करतो. तो मोबाइलची अ‍ॅप्सही बनवतो. परवा संध्याकाळी तो लॅपटॉप आणि फोन घेऊन बसला होता. त्याने लिहिलेलं अ‍ॅप लॅपटॉपवरून फोनमध्ये पाठवायचं, ते चालवायचं, चुकलं तर कुठे चुकलं ते लॅपटॉपवर बघायचं, असं ते काम. त्याला डीबगिंग म्हणतात. यंत्रातली चूक म्हणजे ‘बग’, हा शब्द एडिसनने 1878 सालच्या पत्रात वापरलेला आहे. 9 सप्टेंबर 1947 रोजी हार्वर्डच्या मार्क टू या संगणकाच्या रिलेमध्ये खरोखरचा पतंग अडकलेला सापडला, तो तिथल्या लोकांनी नोंदवहीत चिकटवून ठेवला, आणि तेव्हापासून या शब्दाला गोष्टही मिळाली.

हे काम पूर्वी वायर लावून व्हायचं. आता बिनवायरीने होतं, म्हणजे व्हायला हवं. पुतण्याचं दोन तास होत नव्हतं. फोन बंद केला, चालू केला. लॅपटॉप बंद केला, चालू केला. सगळं सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. शेवटी म्हणाला, “काका, फोनच खराब आहे.”

मी म्हटलं, “स्क्रीनवर काय लिहून आलंय ते आधी वाच.”

माझी सगळी नोकरी सिग्नल्समध्ये गेली. अ‍ॅप बनवणं मला येत नाही. पण दोन सेट एकमेकांशी बोलत नसतील तर काय करायचं, हे या जबलपूरच्या मातीत शंभर वर्षं शिकवलं जातंय. सिग्नल कोअरची स्थापना 15 फेब्रुवारी 1911 ची. जबलपूरचं सिग्नल ट्रेनिंग सेंटर 1920 पासूनचं. सेट बदलले, व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, चिप आली. फॉल्ट शोधायची रीत मात्र तीच राहिली.

ती रीत साधी आहे. टेलिफोनची पाच मैल केबल टाकली आणि आवाज येईना, तर लाइनमन पहिल्या फुटापासून तपासत जात नाही. तो मधोमध जातो, तिथे आपला फोन जोडतो आणि आधी मागे एक्सचेंजला आवाज देतो. उत्तर आलं तर अर्धी लाइन ठीक, फॉल्ट पुढे आहे. मग उरलेल्याचं परत अर्धं. आमचे उस्ताद म्हणायचे, “साहब, हाथ बाद में लगाओ, पहले सुनो.”

पुतण्याच्या टेबलावर त्या संध्याकाळी एक नाही, तीन फॉल्ट निघाले. तिन्हींचा इतिहास आहे, आणि एकेकाची किंमत माणसांनी जिवाने मोजली आहे. म्हणून हा भाग.

पहिला फॉल्ट : एका नेटवर नसणं

स्क्रीनवर लिहून येत होतं, ‘टाइम्ड आउट’. हाक मारली, वाट पाहिली, उत्तर नाही. आमच्या भाषेत ‘नथिंग हर्ड’.

दुसऱ्या महायुद्धात भारतीय फौजेकडे नंबर 19 आणि नंबर 22 हे वायरलेस सेट होते. 19 नंबरचा मूळचा रणगाड्यांसाठीचा. त्यातले कित्येक कॅनडात बनले आणि सोव्हिएत रशियालाही पाठवायचे होते म्हणून पॅनेलवरची नावं इंग्रजी आणि रशियन अशा दोन्ही लिपींत छापलेली असायची. हे सेट नुसते चालू करून एकमेकांशी बोलत नसत. आधी ‘नेटिंग’ करावं लागे.

नेटिंग म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. एक स्टेशन कंट्रोल असतं. ठरल्या वेळी कंट्रोल ट्यूनिंग कॉल देतो. बाकीची स्टेशनं त्या वेळी फक्त ऐकतात. प्रत्येक ऑपरेटर आधी आपला रिसीव्हर कंट्रोलच्या आवाजावर आणतो. मग आपल्या ट्रान्समीटरची डायल फिरवतो. कानात शिट्टी ऐकू येते. दोन फ्रिक्वेन्सी जवळ येतील तशी ती शिट्टी खाली खाली उतरते, घुमू लागते आणि अगदी जुळल्या की नाहीशी होते. त्या शांततेला ‘झिरो बीट’ म्हणतात. ती मिळाली की डायल पक्की करायची. शिट्टी मरण्याआधीच ज्याने हात काढला, तो आपल्या समजुतीने नेटवर असे आणि प्रत्यक्षात शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर एकटाच ओरडत बसे. त्याचा सेट चालू, एरियल उभा, बॅटरी भरलेली, दिवा पेटलेला. सगळं ठीक, फक्त ऐकणारं कोणी नाही.

पुतण्याचं तेच झालं होतं. त्याच्या दोन्ही यंत्रांवर वायफायची खूण होती, म्हणून दोन्ही एका नेटवर आहेत असं त्याने धरलं. मी म्हटलं, खूण बघू नकोस, पत्ता बघ. प्रत्येक यंत्राला वायफायकडून चार आकड्यांचा पत्ता मिळतो. लॅपटॉपचा सुरू होत होता 192.168.1 ने, फोनचा 192.168.2 ने. घरच्या साध्या राउटरवर पहिले तीन आकडे वेगळे म्हणजे मोहल्लाच वेगळा. रविवारी पाहुणे आले होते, त्यांच्यासाठी राउटरवर ‘गेस्ट’ नेट चालू केलं होतं, आणि फोन त्या नेटवर जाऊन बसला होता.

याचीच एक जास्त फसवी जात आहे. हॉटेलात, कॉलेजात, ऑफिसात दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर असतात, पत्तेही एका मोहल्ल्यातले असतात, तरी बोलणं होत नाही. कारण तिथला राउटर मुद्दामच एका ग्राहकाला दुसऱ्याशी बोलू देत नाही. तुम्ही इंटरनेटशी बोला, शेजाऱ्याशी नाही. त्याला ‘क्लायंट आयसोलेशन’ म्हणतात. तो फॉल्ट नाही, पहारा आहे. पण ज्याला ठाऊक नाही तो रात्रभर फोनला शिव्या देतो. इथे लाइनमनची रीत वापरा, मधला तुकडा काढून बघा. लॅपटॉपचाच हॉटस्पॉट चालू करा, फोन त्यावर घ्या. आता बोलणं झालं तर दोन्ही टोकं ठीक आहेत, फॉल्ट मधल्या राउटरकडे आहे. नाही झालं तर लॅपटॉपची फायरवॉल आणि दोन्हीकडचं व्हीपीएन बघा.

दुसरा फॉल्ट : चुकीचं दार

फोन घरच्या नेटवर आणला. स्क्रीनवरचा मजकूर बदलला. आता ‘टाइम्ड आउट’ नाही, ‘रिफ्यूज्ड’. पुतण्या म्हणाला, “काका, अजूनही होत नाहीये.” मी म्हटलं, “अरे, बरंच झालंय. आधी घरच सापडत नव्हतं. आता घर सापडलं, दार बंद आहे.” उत्तर न येणं आणि नकार येणं या दोन अगदी वेगळ्या बातम्या आहेत. ज्याला हा फरक कळला त्याचं निम्मं काम झालं.

वायरलेस डीबगिंगची आजची पद्धत 2020 च्या अँड्रॉइड 11 पासून आली. फोनमध्ये ‘पेअर’ म्हटलं की सहा आकडी कोड दिसतो आणि पत्त्यापुढे एक पोर्ट नंबर. हा पोर्ट फक्त ओळख करून घेण्यापुरता. ती चौकट बंद झाली की ते दार बंद. रोजच्या बोलण्याचं दार वेगळं, त्याचा नंबर वायरलेस डीबगिंगच्या मुख्य पानावर असतो, आणि वायरलेस डीबगिंग बंद करून चालू केलं की तो बदलू शकतो. पुतण्याने कोड घालून ओळख पक्की केली आणि मग त्याच नंबरवर ‘कनेक्ट’ म्हणत बसला. फोन तिथे ऐकतच नव्हता.

आता 1944 च्या सप्टेंबरमध्ये चला. हॉलंडमधलं आर्नहेम. 17 सप्टेंबरला ब्रिटिश पहिली एअरबोर्न डिव्हिजन ऱ्हाइनवरचा पूल घ्यायला पॅराशूट आणि ग्लायडरने उतरली. उतरण्याच्या जागा पुलापासून काही मैल दूर. सोबतच्या हलक्या सेटांचा पल्ला तेवढ्या अंतराला आणि मधल्या झाडीला पुरेना, त्यामुळे बटालियनला ब्रिगेड सापडेना आणि ब्रिगेडला डिव्हिजन. वरच्या विमानांशी बोलून बॉम्बफेक मागता यावी म्हणून अमेरिकन तुकड्या खास सेट घेऊन आल्या होत्या. त्या काळी अशा सेटची फ्रिक्वेन्सी त्यात बसवलेल्या क्रिस्टलवर ठरत असे. इथे क्रिस्टल निघाले चुकीच्या फ्रिक्वेन्सीचे. सेट ठीक, ऑपरेटर ठीक, विमानं हवेत. पण हाक ज्या दारावर मारायची ते दारच वेगळं.

नदीपलीकडे सुमारे 10,000 जवान उतरले होते. 25 सप्टेंबरच्या रात्री माघार झाली तेव्हा 2,400 च्या आसपास परत आले. पराभवाची कारणं अनेक होती, सगळा दोष क्रिस्टलवर टाकणार नाही. पण तो क्रिस्टल निघण्याआधी इंग्लंडमध्ये एकदा तपासला असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

तिसरा फॉल्ट : ओळख न पटणं

दार बरोबर निवडलं. जोडणी झाली, पण लॅपटॉपच्या यादीत फोनपुढे ‘अनऑथराइज्ड’ असं आलं. पुतण्या वैतागला, “माझाच फोन, माझाच लॅपटॉप, ओळख कसली मागतोय?”

मंडळी, या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण संत्र्याने परवलीचा शब्द विचारला की सगळ्यांनाच राग येतो.

1942 च्या मार्चमध्ये जर्मनांनी द हेग इथे ह्युबर्ट लॉवर्स नावाचा डच वायरलेस ऑपरेटर पकडला. तो लंडनच्या एसओई या गुप्त संघटनेचा माणूस. जर्मनांनी त्याला त्याच्याच सेटवरून लंडनला संदेश पाठवायला लावले. लॉवर्स तयार झाला, कारण त्याच्याकडे एक खूण होती. प्रत्येक संदेशात ठरल्या जागी एक मुद्दाम चूक करायची, ती दिसली नाही तर लंडनने समजायचं की माणूस शत्रूच्या हातात आहे. त्याने ती खूण गाळली. परत परत गाळली. लंडनने ती उणीव पाहिली आणि दुर्लक्ष केलं. संदेश स्पष्ट येतायत, वेळेवर येतायत, मग जोडणी उत्तमच, असं धरलं. पुढचं जवळजवळ दीड वर्ष लंडन हॉलंडमध्ये माणसं, सेट आणि शस्त्रं उतरवत राहिलं, आणि उतरवण्याच्या जागा ठरत होत्या जर्मनांशी बोलून. 50 हून अधिक एजंट पकडले गेले, त्यातले बहुतेक मारले गेले.

तिथे सिग्नल ‘फाइव्ह बाय फाइव्ह’ होता. बोलणारा मात्र शत्रू होता. जुळत नाही तो फॉल्ट निदान दिसतो. चुकीच्या माणसाशी सुरळीत जुळणं दिसतच नाही.

फोनमध्येही हे घडून गेलंय. पूर्वी वायरलेससाठी 5555 नंबरचं दार उघडायची पद्धत होती. 2013 मध्ये अँड्रॉइड 4.2.2 ने ‘हा संगणक ओळखीचा आहे का’ असं विचारायला सुरुवात केली, तरी कित्येक टीव्ही बॉक्स आणि फोन हे दार इंटरनेटच्या बाजूला सताड उघडं ठेवून विकले गेले. फेब्रुवारी 2018 मध्ये एडीबी मायनर नावाचा किडा त्याच दारातून शिरला आणि घराघरांतले बॉक्स परक्यांसाठी क्रिप्टो नाणी खणू लागले. मालकाला एवढंच दिसायचं की टीव्ही बॉक्स गरम होतोय. सहा आकडी कोडचा त्रास त्या इतिहासातून आलाय.

पुतण्याच्या फोनवर परवानगीची चौकट येऊन मागे दडली होती. त्याने फोनमधल्या जुन्या परवानग्या रद्द केल्या, लॅपटॉपवरचा जुना सर्व्हर ‘एडीबी किल सर्व्हर’ म्हणून थांबवला, नव्याने कोड घातला, मुख्य पानावरच्या पोर्टला हाक मारली. जुळलं. दोन तासांचं काम बारा मिनिटांत.

म्हणजे क्रम असा ठेवा. आधी मजकूर वाचा. उत्तरच नसेल तर नेट तपासा, पत्ते पडताळा. नकार असेल तर पोर्ट तपासा. ओळख मागत असेल तर नव्याने पेअर करा. यादीत ‘ऑफलाइन’ दिसत असेल तर ती जुन्या जोडणीची सावली असू शकते, सर्व्हर थांबवून चालू करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय केल्याने सुधारलं तेच कळणार नाही. आणि एक फॉल्ट सापडला म्हणून शोध थांबवू नका, त्याच्या मागे दुसरा उभा असू शकतो.

चौथा फॉल्ट : कंट्रोल ऐकत नाही

पुतण्या आनंदाने उठून गेला. मी मात्र बसून राहिलो, कारण एक फॉल्ट या यादीत बसत नाही, आणि तो याच गावात घडलेला आहे.

आधी पुण्याजवळची एक गोष्ट सांगतो. 23 जुलै 1927 रोजी भारत आणि इंग्लंड यांच्यामधली बीम वायरलेस सेवा सुरू झाली. संदेश पाठवायचं केंद्र खडकीला होतं आणि घ्यायचं केंद्र दौंडला, मध्ये सुमारे 75 किलोमीटर. दोन्ही एका जागी ठेवली असती तर स्वस्त पडलं असतं. पण बलाढ्य ट्रान्समीटर शेजारीच धडधडत असेल तर हजारो मैलांवरून आलेला क्षीण आवाज रिसीव्हरला ऐकू येत नाही. आपल्याच आवाजाने आपण बहिरे होतो. म्हणून ऐकण्याची जागा बोलण्यापासून दूर, शांत माळावर नेली.

आता फेब्रुवारी 1946. युद्ध संपलं होतं. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरच्या खटल्यांनी देश ढवळून निघाला होता. 18 तारखेला मुंबईत ‘तलवार’वर नौसैनिकांनी संप केला. ‘तलवार’ म्हणजे नौदलाची सिग्नल शाळा, हे लक्षात ठेवा. निकृष्ट जेवण आणि अपमानाची वागणूक यांवरून ठिणगी पडली, आणि वायरलेस चालवणारेच उठल्यामुळे बातमी जहाजा-जहाजांवर, कराचीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. सरदार पटेलांच्या सांगण्यावरून 23 तारखेला तो संप मागे घेतला गेला.

आणि 27 फेब्रुवारीला, इथे जबलपुरात, सिग्नल ट्रेनिंग सेंटरचे जवान बराकी सोडून बाहेर पडले. सुमारे 1,700 जण सामील झाले. मिरवणूक निघाली, काँग्रेसचे आणि मुस्लिम लीगचे झेंडे एकत्र होते. मागण्या काय होत्या? पगार, जेवण, राहायची जागा, ब्रिटिश जवानाच्या बरोबरीची वागणूक. त्याबरोबरच नौसैनिकांवरच्या गोळीबाराचा निषेध. पुढे ब्रिटिश तुकडीच्या संगिनी चालल्या, जवान जखमी झाले, काही दिवसांत सगळं शांत झालं. मग कोर्टमार्शल, शिक्षा, बडतर्फी. मुंबईचा उठाव पुस्तकांत गेला, जबलपूरचा फायलींत राहिला. आमच्याच कोअरचे निवृत्त अधिकारी मेजर जनरल व्ही. के. सिंग यांनी तो पुढे तपशिलाने लिहून काढला. माझ्या स्वतःच्या प्रशिक्षणात त्या फेब्रुवारीचा उल्लेख कोणी केल्याचं मला आठवत नाही.

मी वर्दीचा माणूस आहे. हुकूम मोडण्याचं कौतुक माझ्या तोंडून येणार नाही, आणि पुराव्याशिवाय कोणाला संत ठरवणंही नाही. पण फॉल्ट शोधणारा म्हणून विचारतो : फॉल्ट कुठल्या टोकाला होता? हे जवान म्हणजे त्या फौजेतले सगळ्यात चोख बोलणारे आणि ऐकणारे. बर्माच्या जंगलापासून इटलीच्या डोंगरापर्यंत त्यांच्यासारख्यांनीच नेट जुळवून ठेवले होते. जेवण आणि पगार या काही गुप्त गोष्टी नव्हत्या. नेट पूर्ण होता, स्टेशनं बोलत होती. कंट्रोलचा ट्रान्समीटर सतत चालू होता, त्यामुळे कंट्रोलला ‘नथिंग हर्ड’.

हे मी ब्रिटिशांना शहाणपण शिकवायला सांगत नाही. माझंच सांगतो. कंपनी कमांडर असताना सैनिक संमेलनात मी चाळीस मिनिटं बोलायचो. शेवटी विचारायचो, “कोई शक?” सगळे एका आवाजात, “नहीं, साहब!” मी खूश. एक दिवस एक चांगला ऑपरेटर रजेशिवाय निघून गेला. शोध घेतला तेव्हा कळलं, गावी त्याचा बाप अखेरच्या घटका मोजत होता. रजेसाठी त्याने दोनदा सांगितलं होतं, ते माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं. त्याला परत आल्यावर शिक्षा झाली, कारण नियम नियम असतो. ती मीच दिली. बापाचं तोंड त्याला दिसलं नव्हतं. ज्याच्या हाती डिव्हिजनचा नेट बिनधास्त सोपवायचो, त्याच्याशी माझा नेट जुळलेला नव्हता, आणि ते तपासायचं काम कंट्रोलचं, म्हणजे माझं होतं.

त्यानंतर संमेलनात मी दहा मिनिटं बोलायचो. मग वर्दीतले सगळे हुद्दे बाजूला ठेवून मेसच्या मागे चहा घेत बसायचो. पहिले दोन महिने कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या महिन्यात स्वयंपाक्याने सांगितलं की रेशनच्या तांदळात खडे आहेत. मला वाटतं, शिट्टी खाली उतरायला लागली ती तिथून.

तर मंडळी, फोन जुळत नसेल तर त्याला आपटू नका, त्याने काय लिहून पाठवलंय ते वाचा. माणसांच्या बाबतीत मजकूर स्क्रीनवर येत नाही, तिथे ट्रान्समीटर बंद करून बसावं लागतं.

पुढच्या भागात आपण जबलपूरच्याच जोंगा गाडीकडे वळू. तोवर नमस्कार. जय हिंद.